नववधूची रंगभूषा : निवड, तयारी आणि दक्षता

तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराईचे वेध लागतात. वसई-विरार पट्ट्यात हा हंगाम थेट पहिल्या पावसापर्यंत चालतो. येथील ख्रिस्ती समाजात आगमनकाळ आणि उपवासकाळ टाळून विवाह ठरवण्याची प्रथा असल्याने त्यांची लग्ने नाताळनंतरचे दिवस, जानेवारी महिना आणि ईस्टरनंतरचा उन्हाळा या काळात एकवटतात. हिंदू कुटुंबांत मुहूर्ताच्या तारखा मोजक्याच असतात. त्यामुळे एकाच दिवशी आगाशीपासून नायगावपर्यंत असंख्य मांडव पडतात आणि सभागृह, आचारी, छायाचित्रकार यांच्याप्रमाणेच रंगभूषाकारांचीही धावपळ उडते.

सभागृहाची चौकशी वर्षभर आधी होते. शालूसाठी दहा दुकाने पालथी घातली जातात. वधूच्या चेहऱ्यावर काय लावायचे, याचा निर्णय मात्र अनेक घरांत शेवटच्या आठवड्यात घेतला जातो. या घाईची किंमत कधी अंगावर उठलेल्या पुरळाच्या रूपाने मोजावी लागते, तर कधी छायाचित्रांत स्वतःलाच अनोळखी वाटणाऱ्या चेहऱ्याच्या रूपाने. रंगभूषेने वधूचे रूप खुलवावे, तिची ओळख पुसू नये, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

उजळपणाचा हव्यास

लग्न ठरले, की 'मुलगी जरा उजळ दिसली पाहिजे' ही सूचना कोठून ना कोठून येतेच. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये वगळला गेला. घराघरांतील समजूत मात्र तितक्या सहजतेने बदललेली नाही. या समजुतीचा लाभ उठवून काही ठिकाणी विनालेबलच्या डब्यांतून 'आठ दिवसांत गोरेपणा' देणारी मलमे विकली जातात. त्यांपासून वधूने कटाक्षाने दूर राहावे.

अशा मलमांत प्रामुख्याने दोन घातक घटक आढळतात. पहिला पारा. तो त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून प्रारंभी रंग उजळल्यासारखा वाटतो. परंतु त्वचेवाटे शरीरात गेलेला पारा मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना अशा मलमामुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त २०२३ च्या प्रारंभी गाजले होते. 'कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०' नुसार डोळ्यांभोवती वापरायची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत दशलक्ष भागांमागे एका भागाहून अधिक पारा असता कामा नये, आणि तेवढाही केवळ नकळत मिसळलेला असेल तरच चालतो.

दुसरा घटक स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी औषधे त्वचारोगांवर मर्यादित काळ वापरण्यासाठी असतात. ती महिनोन्महिने चेहऱ्यावर लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात आणि मलम थांबवताच चेहरा लाल होऊन आग होऊ लागते. ही थांबवण्याची वेळ नेमकी लग्नाच्या तोंडावर आली, तर कोणतीही रंगभूषा ती लाली पूर्णपणे झाकू शकत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करण्यास मनाई केली. वेष्टणावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी व मुदत यांपैकी काहीही नसेल, तर ती वस्तू कितीही विश्वासू व्यक्तीने दिली तरी नाकारावी.

किनाऱ्याची हवा आणि घरचे पाणी

वसई-विरारची हवा खाऱ्या वाऱ्याची आणि दमट आहे. अशा हवेत घाम लवकर वाळत नाही. कोरड्या प्रदेशात दिवसभर टिकणारी जाड, तेलकट रंगभूषा येथे दोन-तीन तासांत फाटू लागते आणि नाकाच्या कडेला, हनुवटीवर तिचे थर साचतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील लग्नासाठी तेलविरहित, पाण्याने न ओघळणारी, पातळ थरांत लावता येणारी प्रसाधने निवडावीत. जानेवारीत पहाटेचा गारवा त्वचा कोरडी करतो. तेव्हा तीच मॅट प्रसाधने ओठांजवळ व डोळ्यांखाली तडकलेली दिसतात. त्या दिवसांत आधी पुरेसे मॉइश्चरायझर लावणे आवश्यक ठरते.

पाण्याकडेही लक्ष द्यावे. किनारपट्टीतील काही विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी मचूळ किंवा जड असते. त्यात साबणाचा फेस नीट होत नाही आणि धुतल्यानंतरही त्वचेवर पातळ थर राहून ती ओढल्यासारखी वाटते. लग्नाच्या आठवड्यात चेहरा धुण्यासाठी पिण्याचे गाळलेले पाणी वापरणे, हा अगदी स्वस्त पण उपयुक्त उपाय आहे.

महिनाभर आधीची तयारी

रंगभूषेची चाचणी लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी व्हावी. चाचणीसाठी जाताना लग्नातील साडीच्या रंगाचे वस्त्र अंगावर असावे, दागिन्यांपैकी किमान नथ बरोबर असावी. चाचणी झाली, की लगेच चेहरा धुऊ नये. पाच-सहा तास ती रंगभूषा तशीच ठेवून घरातील नेहमीची कामे करावीत. फ्लॅशसह आणि फ्लॅशविना, उन्हात आणि दिव्याखाली छायाचित्रे काढावीत. संध्याकाळी चेहरा कसा दिसतो, यावरूनच खरा निर्णय करता येतो.

जे नवे प्रसाधन वापरायचे आहे, त्याचा थेंबभर अंश कोपराच्या आतील बाजूस किंवा कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी. खाज, लाली वा फोड दिसल्यास ते वर्ज्य करावे. ब्लीच अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने काम करते. ते आणि कोणतेही नवे फेशियल लग्नाच्या आधीच्या आठवड्यात टाळावे. भुवया व वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी उरकावे, म्हणजे त्वचेची लाली ओसरते. मुरुमांचा वा काळ्या डागांचा त्रास असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे दोन-तीन महिने आधी जावे. आदल्या आठवड्यात डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.

हळद आणि मेंदी

आपल्याकडे हळदीचा विधी बहुधा लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी होतो. आगरी-कोळी कुटुंबांत तर हळदीची रात्र लग्नाइतक्याच थाटाने साजरी होते. हळदीचे हे पिवळेपण फाउंडेशनच्या छटेवर परिणाम करते. आदल्या महिन्यात अचूक जुळलेली छटा हळदीनंतर गुलाबी किंवा राखाडी वाटू लागते, त्याचे कारण हेच.

हळदीतील कुरक्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हळद लागण्यापूर्वी चेहऱ्यावर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा आणि नंतर तेलानेच ती सोडवून मग सौम्य फेसवॉश वापरावा. साबणाने घासणे व्यर्थ असते. शिवाय हळद क्षाराच्या संपर्कात तांबूस होते. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू तयार होते ते याच गुणामुळे. चेहऱ्यावर हळदीचा मान राखण्यापुरते बोट लावून उर्वरित हळद हातापायांना लावण्याचा सुज्ञपणा आता अनेक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियाच दाखवतात. विधीला त्यामुळे बाध येत नाही.

मेंदीचा रंग लावल्यानंतर २४ ते ४८ तासांत गडद होत जातो, म्हणून ती दोन दिवस आधी काढावी. तासाभरात काळा रंग देणाऱ्या 'काळ्या मेंदी'त पीपीडी हे केसांच्या कलपातील रसायन मिसळलेले असू शकते. त्याने हातावर फोड येतात आणि पुढे आयुष्यभर कलपाचे वावडे जडू शकते. खऱ्या मेंदीचा रंग केशरी ते गडद तपकिरी असतो, काळा नसतो.

छटेची निवड

फाउंडेशनची छटा मनगटावर पाहण्याची सवय सोडून द्यावी. मनगट आणि चेहरा यांचा रंग क्वचितच सारखा असतो. जबड्याच्या कडेला दोन-तीन छटांच्या रेघा ओढाव्यात आणि खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहावे. जी रेघ चेहरा आणि मान या दोहोंत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली छटा. पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. त्वचेवरील तेलाशी संयोग होऊन काही फाउंडेशने गडद होतात.

छटा जुळवताना त्वचेचा अंतर्वर्णही पाहावा लागतो. पिवळसर, सोनेरी अथवा ऑलिव्ह झाक असलेल्या त्वचेवर गुलाबी फाउंडेशन राखेसारखे दिसते. सावळ्या वर्णावर दोन छटा उजळ फाउंडेशन चोपडल्यास चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या आणि हात तिसऱ्याच रंगाचे दिसतात. हार घालताना हात चेहऱ्याजवळ येतात आणि छायाचित्रांत तो फरक कायमचा नोंदला जातो. सावळ्या वर्णाला वाईन, विटकरी, गडद गुलाबी, तांबूस तपकिरी ओठ आणि तांबूस-सोनेरी पापण्या अतिशय शोभतात. त्या वर्णाचे सौंदर्य झाकण्यात नव्हे, तर त्याला जुळणारे रंग शोधण्यात रंगभूषाकाराचे कौशल्य असते.

विधी, वस्त्रे आणि दागिने

मराठी वधू गौरीहर पुजताना बहुधा मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत असते आणि नंतर शालू, पैठणी अथवा नऊवारी नेसते. दोन्ही वस्त्रांवर चालेल अशीच मूळ रंगभूषा असावी. बदल करायचा तर तो ओठांच्या रंगात आणि टिकलीत करावा. मुंडावळ्या कपाळावर घासतात, म्हणून तेथे फाउंडेशनचा थर अगदी पातळ ठेवून पावडर दाबून बसवावी. चंद्रकोर किंवा टिकलीची जागा मुंडावळ्या बांधूनच ठरवावी. एरवी ती त्यांच्याखाली लपते. नथ वरच्या ओठाला टेकते. ओठांना चकचकीत द्रव रंग असल्यास तो मोत्यांना आणि गालाला लागतो. तेव्हा न पसरणारी मॅट लिपस्टिक श्रेयस्कर. नाक टोचलेले नसेल, तर दाबाची नथ आठवडाभर आधी घालून पाहावी.

लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येते आणि पाठवणीच्या वेळी तर ते येणारच. मस्कारा आणि आयलायनर जलरोधक असणे म्हणूनच अनिवार्य. खालच्या पापणीच्या आत काजळ घालण्याचा मोह आवरावा. घातलेच तर पापण्यांच्या बाहेरील कडेला गडद तपकिरी पावडरने ते बसवावे.

चर्चमधील विवाहात पांढऱ्या गाऊनचे निराळे प्रश्न असतात. पांढरे वस्त्र प्रकाश चेहऱ्यावर परावर्तित करते, त्यामुळे फिकी रंगभूषा अधिकच फिकी वाटते. गालांना व ओठांना थोडा रंग अधिक लागतो. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सनस्क्रीन आणि सिलिकाची पांढरी पावडर फ्लॅशच्या प्रकाशात चेहऱ्यावर पांढरा पडदा उमटवते. संध्याकाळच्या विधीसाठी ती वगळावीत, दिवसा मोकळ्या जागेतील लग्नासाठी मात्र सनस्क्रीन हवीच. गाऊन डोक्यावरून घालायचा असल्यास चेहऱ्यावर पातळ रेशमी रुमाल टाकून घालावा, म्हणजे गळ्याला डाग पडत नाहीत.

प्रत्यक्ष रंगभूषेचा क्रम

समोरून उघडणारे वस्त्र घालून आणि केस मागे बांधून बसावे. चष्म्याऐवजी लेन्स वापरणार असल्यास त्या रंगभूषेपूर्वी घालाव्यात. केवळ शोभेसाठी, डॉक्टरांच्या तपासणीविना रंगीत लेन्स घालणे डोळ्यांना घातक आहे.

१. चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावावे व दहा मिनिटे ते मुरू द्यावे. ओठांना बाम लावून ठेवावा.

२. नाक, कपाळ, हनुवटी या भागांत प्रायमर बोटाने दाबून लावावा.

३. डोळ्यांची रंगभूषा आधी करावी. पापण्यांवरील रंगाचे कण गालांवर सांडले, तरी ते फाउंडेशनपूर्वी पुसता येतात.

४. डोळ्यांखालील काळपट वर्तुळांवर केशरी किंवा पीच रंगाचा करेक्टर अगदी थोडा लावावा. त्याविना लावलेले उजळ कन्सीलर राखाडी दिसते.

५. फाउंडेशन ओल्या स्पंजने थापून दोन पातळ थरांत लावावे. कान, मान, गळा आणि पाठीचा उघडा भाग विसरू नये.

६. पावडर घासू नये, दाबावी. मग गालांचा रंग आणि भुवया.

७. ओठांची कड पेन्सिलीने आखून लिपस्टिक लावावी, टिश्यूने टिपावी, पुन्हा लावावी.

८. शेवटी सेटिंग स्प्रे हातभर अंतरावरून मारावा आणि वाळेपर्यंत बोलू-हसू नये.

एअरब्रश पद्धतीत फाउंडेशनचा बारीक फवारा मारला जातो. थर पातळ व एकसारखा बसतो, घामात तो बऱ्यापैकी टिकतो. मात्र अश्रूंची रेघ उमटली, तर ती जागच्या जागी दुरुस्त करणे कठीण जाते. खरखरीत अथवा मुरुमांच्या त्वचेवर तो अपेक्षित परिणाम देतोच असे नाही. केवळ नावासाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी चाचणीत दोन्ही पद्धती अर्ध्या-अर्ध्या चेहऱ्यावर करून पाहाव्यात.

दिवसभरात घाम आला, तर आधी टिपकागदाने तो टिपावा आणि मगच पावडर लावावी. घामावर पावडर लावल्यास तिचे गोळे होतात.

टिकली, शेंदूर, स्वच्छता

काही टिकल्यांच्या डिंकात असणाऱ्या पीटीबीपी या रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. टिकलीखाली खाज सुटत असेल, तर ती तत्काळ बदलून रंगाने चंद्रकोर रेखावी. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग असते. भांगासाठी नामांकित, घटक नमूद केलेले कुंकूच वापरावे.

रंगभूषाकाराच्या पेटीची स्वच्छता तपासण्यात संकोच बाळगू नये. ब्रश धुतलेले आहेत का, मस्काराची कांडी प्रत्येकीसाठी वेगळी आहे का, लिपस्टिक थेट ओठांना न लावता पट्टीवर काढून घेतली जाते का, हे चाचणीच्या दिवशीच पाहावे. एकीच्या डोळ्यांची साथ एकाच काजळाने साऱ्या करवल्यांना लागू शकते. मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून देणे इष्ट. वेष्टणावरील उघड्या डबीच्या चिन्हातील आकडा हा उघडल्यानंतरच्या वापराचे महिने दाखवतो.

केसांतील फुले

वसईतील वधूचे एक भाग्य असे, की जी फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात, ती तिच्या दारची असतात. मोगरा आणि सोनचाफा ही येथील वाड्यांची ओळख. मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात असतो. हिवाळ्यात तो दुर्मिळ व महाग होतो, तेव्हा शेवंती आणि निशिगंधाचा विचार करावा. संध्याकाळच्या लग्नासाठी सकाळी कळ्यांचाच गजरा घ्यावा. तो मांडवात उमलतो. ओल्या मलमलीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून थंड जागी ठेवल्यास गजरा टवटवीत राहतो. सोनचाफा हाताळल्याने काळवंडतो, म्हणून तो सर्वांत शेवटी माळावा. केसांवरील स्प्रे फुले माळण्यापूर्वीच मारावा.

वेळेचे आणि व्यवहाराचे गणित

मुहूर्त दुपारी १२.३० चा आणि गौरीहर ११ वाजता असेल, तर हिशेब उलटा करावा. साडी व दागिन्यांना ४० मिनिटे, केशरचनेला ४५ मिनिटे, चेहऱ्याला दीड तास. म्हणजे पावणेआठला बसले, तर पंधरा-वीस मिनिटे हाताशी राहतात. त्यापूर्वी पोटभर न्याहारी व्हायला हवी. उपाशी वधूला दुपारच्या उकाड्यात भोवळ येते, ती कोणतीही रंगभूषा लपवू शकत नाही.

रंगभूषाकार मुंबईहून येणार असल्यास रविवारचा पश्चिम रेल्वेवरील जम्बो ब्लॉक आणि महामार्गावरील वरसावे-घोडबंदर परिसराची वाहतूककोंडी गृहीत धरावी. त्यांची आदल्या रात्री सोय करावी, अन्यथा स्थानिक व्यक्तीची निवड करावी. मानधनात चाचणी, केशरचना, साडी नेसवणे, प्रवासखर्च, दुसऱ्या वेशासाठीचा बदल आणि आई-करवल्यांची रंगभूषा यांपैकी काय समाविष्ट आहे, हे लेखी ठरवावे. आगाऊ रकमेची पावती घ्यावी. त्याच दिवशी त्यांनी आणखी किती वधू स्वीकारल्या आहेत, हे स्पष्ट विचारावे. सेवेत त्रुटी राहिल्यास पावतीच्या आधारे ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रात्री रंगभूषा उतरवताना

दिवसभराच्या दगदगीनंतर तशीच झोप घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. आधी लेन्स काढाव्यात. मग खोबरेल तेल वा क्लिन्झिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर हलक्या हाताने चोळावा, मऊ कापडाने पुसून फेसवॉशने धुवावे आणि मॉइश्चरायझर लावावे. डोळ्यांवर तेलाचा कापूस अर्धा मिनिट ठेवल्यास जलरोधक मस्कारा न ओढता निघतो. स्प्रेने कडक झालेल्या केसांतून आकडे काढताना आधी तेल लावावे.

लग्नाचा अल्बम पुढे पन्नास वर्षे चाळला जातो. प्रसाधनांची चलती तोवर कितीदा तरी बदललेली असते. त्या पानांवर नातवंडांना आपली आजी ओळखू यावी, एवढे साधले तरी रंगभूषा यशस्वी झाली असे म्हणता येईल.

वधूच्या पिशवीत असावे असे काही

टिपकागद, छोटी कॉम्पॅक्ट पावडर, तीच लिपस्टिक, टिकल्यांचे पाकीट, आकडे व सेफ्टी पिना, इअरबड, सुती रुमाल, पाण्याची बाटली व स्ट्रॉ, नथीसाठी दोरा, नेहमीची औषधे. ही पिशवी वधूकडे न देता एखाद्या जबाबदार मैत्रिणीकडे किंवा करवलीकडे सोपवावी.